परळीचा वैद्यनाथ व ख्रिस्ती मिशनांतील आरोग्यप्रार्थना

(१)

परळी येथील ज्योतिर्लिंगास लोक वैजनाथ म्हणतात; त्याचें संस्कृत नांव वैद्यनाथ. संस्कृत 'वैद्य' या शब्दाचें प्राकृतांत 'वेज्ज' होतें, आणि त्याच वाटेनें 'वैजनाथ' हें लोकांच्या तोंडचें रूप सिद्ध झालें, हें भाषाभ्यासकांस निराळें सांगावयास नको. द्वादश ज्योतिर्लिंगांपैकीं वैद्यनाथ तो परळीचा कीं झारखंडांतील देवघरचा, हा वाद जुना आहे व तो स्तोत्रपाठांतील भेदावर आधारलेला आहे. त्यांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं. क्षेत्राची कथा मात्र आपल्या विषयास उपयोगी आहे. समुद्रमंथनांतून निघालेला धन्वंतरि व अमृत हीं दोन्ही रत्नें विष्णूनें या लिंगांत लपविलीं; असुरांनीं स्पर्श करतांच ज्वाला निघाल्या, आणि देवांनीं स्पर्श करतांच अमृत स्रवलें, अशी ती कथा आहे. भाविकास लिंगास हात लावून दर्शन घेतां येण्याची येथील रूढि याच कथेशीं जोडली जाते. रोगहर्ता शिव ही कल्पना केवळ पौराणिक नव्हे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत रुद्रास वैद्यांतील श्रेष्ठ वैद्य म्हटलें आहे, आणि शतरुद्रियांत तोच पहिला दैवी वैद्य ठरतो. ज्याच्या कोपानें रोग येतो त्याच्याच प्रसादानें तो जातो, असा या उपासनेचा मूळ भाव दिसतो.

अशा या भूमीच्या चोहोंकडे, मिरज, अहमदनगर, जालना, वऱ्हाड या टापूंत, गेल्या दीडशें वर्षांत दुसऱ्या एका रोगहर्त्याचें नांव घेणारे लोक येऊन राहिले. ते हातांत औषधाची पेटी व बायबल अशा दोन वस्तु घेऊन हिंडत. त्यांच्याविषयीं आपल्या समाजांत दोन मतें प्रचलित आहेत. कोणी म्हणतो, हे लोक रोग्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन प्रार्थनेच्या नांवाखालीं त्यास बाटवीत. कोणी श्रद्धाळु सांगतो, त्यांच्या प्रार्थनेनें आंधळे पाहूं लागले व पांगळे चालूं लागले. दोन्ही मतांत एक दोष समान आहे. तो हा कीं, ख्रिस्ती आरोग्यप्रार्थना ही एकच वस्तु आहे असें दोन्हीं पक्षांनीं गृहीत धरलें आहे. वस्तुतः महाराष्ट्रांतच तिचे तीन निरनिराळे प्रकार दिसून येतात, आणि ते वेगळे केल्यावांचून न दोष देतां येतो, न श्रेय. हे प्रकार कोणते व त्यांची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

कसोटी आपल्याच शास्त्रांत तयार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील अकराव्या अध्यायांत औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय. पहिल्यांत मंत्र, मणि, मंगलकर्म, होम, उपवास, प्रायश्चित्त, प्रणिपात इत्यादि येतात. दुसऱ्यांत आहार व औषधिद्रव्यें यांची विचारपूर्वक योजना येते. तिसऱ्यांत मनास अहितकर विषयांपासून आंवरणें येतें. चरकानें या तिहींस एका पंक्तीस बसविलें, परंतु एकमेकांच्या जागीं बसविलें नाहीं. ग्रंथाचा बहुतेक विस्तार युक्तीवर आहे. विमानस्थानांत आयुष्य नियत कीं अनियत असा प्रश्न अग्निवेशानें केला असतां, दैव व पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर तें अवलंबून असतें, असें उत्तर आत्रेयानें दिलें आहे. सर्वच जर दैवाधीन असेल तर वैद्याचें प्रयोजन काय, हा प्रश्न त्या विवेचनाच्या मुळाशीं आहे.

येथें आणखी एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. 'मंत्र' आणि 'प्रार्थना' हे शब्द आपण सैलपणें एकाच अर्थानें वापरतों. पण त्यांची जात निराळी आहे. मंत्राचें फल त्याच्या यथाविधि उच्चारांत आहे असें मानतात. विधि चुकला नाहीं तर फल चुकूं नये. प्रार्थना शब्द 'प्र' उपसर्गपूर्वक 'अर्थ्' या धातूपासून झाला आहे आणि त्याचा अर्थ मागणें, याचना करणें असा आहे. मागणें म्हटलें कीं देणारा आला, आणि देणारा स्वतंत्र असल्यामुळें नकाराची शक्यताही आली. ज्या प्रार्थनेस नकार संभवतच नाहीं असें सांगितलें जातें, ती प्रार्थना राहत नाहीं. ती मंत्र होते, आणि फल न आल्यास दोष उच्चारणाऱ्याच्या माथीं येतो. पुढील सर्व विवेचनांत हा भेद उपयोगी पडेल.

(३)

ख्रिस्ती धर्मग्रंथांत या दोन्ही टोकांस आधार सांपडतो, म्हणूनच त्या धर्मांत मतभेद झाले. शुभवर्तमानांत येशूनें कुष्ठी, अंध, पक्षाघाती यांस बरें केल्याच्या कथा पुष्कळ आहेत, आणि शिष्यांस पाठवितांना रोग्यांस बरें करण्याची आज्ञाही दिलेली आहे. याकोबाच्या पत्रांत रोग्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं तेल लावून त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, असें विधान आहे. रोमन कॅथॉलिक पंथांतील तैलाभ्यंगाचा संस्कार याच विधानावर उभा आहे. परंतु त्याच ग्रंथांत दुसरी बाजूही आहे. जन्मांधास बरें करतांना येशूनें मातीचा लेप केला व त्यास तळ्यावर धुवावयास पाठविलें. पौलानें आपल्या शरीरांतील व्यथा जावी म्हणून तीनदां विनविलें, तरी ती गेली नाहीं. आणि तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्यास पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. त्याचा सोबती लूक हा वैद्य होता.

ग्रीक भाषेंतील एक शब्दही येथें विचारार्ह आहे. शुभवर्तमानांत ज्या क्रियापदानें रोग्यास 'बरें केलें' असें सांगितलें जातें, तें 'सोझो' हेंच क्रियापद अन्यत्र 'तारणें' या अर्थीं येतें. मूळ भाषेंत शरीराचें आरोग्य व जीवाचा उद्धार हे अर्थ एका शब्दांत नांदतात. मराठी भाषांतरकारांस मात्र 'बरें करणें' व 'तारण' असे दोन शब्द योजावे लागले. मिशन दवाखान्याविषयींचा पुढील सारा वाद एका दृष्टीनें या दोन शब्दांमधील अंतराचा वाद आहे: बरें करणें हें तारणाचें साधन, त्याची खूण, कीं स्वतंत्र धर्मकृत्य?

(४)

मराठी भाषेस ख्रिस्ताच्या रोगहरणाच्या कथा प्रथम ग्रंथरूपानें मिळाल्या त्या फादर स्टीफन्स याच्या 'क्रिस्तपुराणां'त. तें इ. स. १६१६ मध्यें गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्यापूर्वींच, इ. स. १५६३ मध्यें, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें एतद्देशीय औषधींवरील आपला ग्रंथ गोव्यांतच प्रसिद्ध केला होता. अर्थात् श्रद्धा व औषधि हीं दोन्ही एकाच बंदरांतून, पण निरनिराळ्या हातांनीं आलीं. तीं एका हातांत येण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी इ. स. १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्याच बोर्डानें १८१९ मध्यें डॉ. जॉन स्कडर यांस सिलोनांत पाठविलें. एडिंबरो येथें वैद्यकीय मिशनसंस्था १८४१ मध्यें निघाली. अहमदनगरास अमेरिकन मिशनचें ठाणें १८३१ मध्यें पडलें. निजामच्या मुलखांत जालन्यानजीक, मूळचे ब्राह्मण असलेल्या रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

वैद्यकीय मिशनचा दौरा कसा होई तें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पावसाळा सरून वाटा सुकल्या कीं बैलगाडींत तंबू, औषधाची पेटी, दांत उपटण्याचे व गळवें फोडण्याचे चिमटे व शस्त्रें, आणि छापील पुस्तिका घालून मंडळी निघे. बाजाराच्या किंवा जत्रेच्या गांवीं झाडाखालीं बैठक पडे. प्रथम शुभवर्तमानांतील एखादी कथा वाचली जाई, मग प्रार्थना, मग एकेक रोगी पुढें येई. ज्यास शस्त्रक्रिया हवी त्यास रुग्णालयाच्या गांवीं येण्यास सांगत. रुग्णालयांतही हाच क्रम असे: सकाळीं रोग्यांसमोर वाचन व प्रार्थना, आणि शस्त्र हातीं धरण्यापूर्वीं प्रार्थना.

या पद्धतीचें महाराष्ट्रांतील सर्वांत ठळक उदाहरण मिरजेचें. डॉ. विल्यम वॉनलेस हे कानडा देशांत जन्मलेले, अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर, इ. स. १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले. सांगलीस आरंभ करून त्यांनीं १८९४ मध्यें मिरजेस रुग्णालय उघडलें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनें त्यांचें नांव दूरवर गेलें. पुढें तेथेंच वैद्यकीय शिक्षण सुरू झालें, आणि क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम निघालें. त्या जागेस आजही वॉनलेसवाडी म्हणतात. १९२८ मध्यें त्यांस 'सर' ही पदवी मिळाली व १९३३ मध्यें ते वारले. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, मिरजेंत प्रार्थना ही औषधाच्या जागीं कधींच नव्हती. शस्त्र निर्जंतुक करण्याचें काम प्रार्थनेवर सोडलेलें नव्हतें. चरकाच्या भाषेंत बोलावयाचें तर युक्तिव्यपाश्रय पूर्ण करून त्याच्या शेजारीं दैवव्यपाश्रय ठेवलें होतें. आणि भयभीत रोग्याच्या मनास त्यानें जो धीर येई तो सत्त्वावजयांत मोडतो. हा पहिला प्रकार: औषधासह प्रार्थना.

(५)

दुसरा प्रकार वऱ्हाडांत आढळतो. ए. बी. सिम्प्सन हेही कानडांत जन्मलेले आणि प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकच; परंतु इ. स. १८८१ मध्यें आपला जुना विकार प्रार्थनेनें गेला असा त्यांस अनुभव आला, व त्याच वर्षीं ते आपल्या पंथापासून वेगळे झाले. ख्रिस्त हा तारणारा, शुद्ध करणारा, बरें करणारा व पुन्हां येणारा राजा, अशी त्यांची चतुर्विध शिकवण होती. त्यांतून निघालेल्या अलायन्स मिशननें १८९० नंतरच्या दशकांत अकोला व त्याच्या आसपास ठाणीं मांडलीं. एकाच देशांत जन्मून एकाच पंथांत वाढलेल्या दोघांपैकीं एकाची परंपरा मिरजेस शस्त्रक्रियागृह बांधते व दुसऱ्याची वऱ्हाडांत दैवी आरोग्याचा सिद्धांत आणते, ही गोष्ट ख्रिस्ती मत म्हणजे एकच मत असें समजणाऱ्यांनीं विसरूं नये.

या सिद्धांताचा अतिरेक कोठें नेतो, याचें उदाहरण आफ्रिकेंत घडलें. इ. स. १८९० मध्यें अमेरिकेंतील कान्सास प्रांतांतून अशाच मताची कांहीं तरुण मंडळी सिएरा लिओन येथें गेली. क्विनीन घेणें म्हणजे अविश्वास, असें मानून त्यांपैकीं कांहींनीं तें नाकारलें, आणि थोड्याच दिवसांत तापानें त्यांच्यांत मृत्यु झाले. येथें प्रार्थना मंत्र झाली होती. आणि मंत्र फळला नाहीं तेव्हां तिला उत्तर उरलें नाहीं.

याच्या उलट पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें. केडगांवच्या मुक्तिसदनांत इ. स. १९०५ मध्यें जी प्रार्थनेची लाट उसळली तिची वार्ता देशोदेशीं गेली. रमाबाईंएवढी प्रार्थनेवर विसंबणारी व्यक्ति महाराष्ट्रांत विरळा. परंतु याच रमाबाई १८८३ मध्यें वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या असतां बहिरेपणामुळें त्यांस तो बेत सोडावा लागला होता, आणि हा बहिरेपणा त्यांच्या जन्माचा सोबती झाला. कान बरे झाले नाहींत म्हणून त्यांची श्रद्धा ढळली नाहीं, आणि श्रद्धा होती म्हणून कान बरे झाले नाहींत. मागणें व देणें यांमधील अंतर ज्यास मान्य आहे त्याची प्रार्थना कशी असते, तें या उदाहरणावरून कळतें.

(६)

तिसरा प्रकार परळीस अधिक जवळचा आहे. बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेस लागून जामखेड तालुका आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. वडाळा मिशनच्या रुग्णालयांत काम करीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, दारीं येणाऱ्या रोग्यांपैकीं पुष्कळांचे रोग मुळांत टाळतां येण्यासारखे आहेत, आणि बरा होऊन गेलेला तोच रोगी तोच रोग घेऊन परत येतो. अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन त्यांनीं १९७० मध्यें जामखेड येथें ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. त्यांची युक्ति साधी होती. गांवानें निवडलेल्या स्त्रीस शिकवावयाचें. या स्त्रिया बहुधा निरक्षर, आणि पुष्कळदां दलित समाजांतील होत्या. स्वच्छ बाळंतपण, जुलाबांत साखरमिठाचें पाणी, लसीकरण, बालकाचें वजन, कुष्ठरोग्यास घरांतच ठेवून औषध, एवढीं कामें त्यांनीं गांवोगांव केलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या प्रयोगास स्थान मिळालें. १९७९ मध्यें दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आरोळे दांपत्य श्रद्धावान् ख्रिस्ती होतें, आणि दरिद्री लोकांची सेवा हें व्रत त्यांनीं त्या श्रद्धेपोटींच घेतलें होतें. परंतु उपचार घेण्यासाठीं कोणासही आपला देव बदलावा लागला नाहीं. येथें श्रद्धा रोग्यापुढें उच्चारली जाण्याऐवजीं ती करणाराच्या हातांत उतरली. मुलाच्या जुलाबास देवीचा कोप समजणाऱ्या आईस तिच्याच आळींतील बाई साखरमिठाचें पाणी करून दाखविते आणि मूल जगतें, हें दृश्य ज्यानें पाहिलें त्यास कोणती प्रार्थना फळली हें विचारावें लागत नाहीं. हा तिसरा प्रकार: सेवारूप प्रार्थना.

(७)

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप धर्मांतराचा. महात्मा गांधींनीं मिशनांच्या रुग्णसेवेची प्रशंसा करूनही, तिच्या पोटीं धर्मांतराचा हेतु असूं नये, असें पुनःपुन्हां बजाविलें. मध्यप्रदेश सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या समितीनें १९५६ च्या आपल्या अहवालांत रुग्णालयांचा उपयोग प्रलोभन म्हणून होतो, असा ठपका ठेवला. आक्षेप टाकाऊ नाहीं. झाडाखालच्या बैठकींत प्रवचन आधीं व औषध नंतर, हा क्रम असतां, वेदनेनें तळमळणाऱ्या रोग्याचें ऐकणें कितपत स्वेच्छेचें होतें, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु तो प्रश्न क्रमाचा व सक्तीचा आहे, प्रार्थनेचा नव्हे.

दुसरा आक्षेप फलाचा. इंग्लंडांत गाल्टन यानें १८७२ मध्येंच युक्तिवाद केला कीं, ज्या राजांच्या दीर्घायुष्यासाठीं सारी प्रजा प्रार्थना करते ते इतरांहून अधिक जगत नाहींत. त्याहून काटेकोर परीक्षा अमेरिकेंत झाली व तिचे निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या १८०२ रोग्यांचे तीन गट केले होते. आपल्यासाठीं प्रार्थना होईल किंवा होणार नाहीं, एवढेंच ज्यांस सांगितलें होतें, त्यांपैकीं प्रार्थना झालेल्यांत शेंकडा ५२ जणांस व न झालेल्यांत शेंकडा ५१ जणांस उपद्रव झाले. आणि आपल्यासाठीं निश्चित प्रार्थना होत आहे हें ज्यांस ठाऊक होतें त्यांत तें प्रमाण शेंकडा ५९ निघालें. दूरस्थ प्रार्थनेस औषधाप्रमाणें मात्रेंत मोजूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं, एवढें यावरून म्हणतां येतें. जो तिला मंत्र समजतो त्याचा दावा येथें ढांसळतो. जो तिला मागणें समजतो त्यानें तसा दावाच केलेला नसतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रानें २०१३ मध्यें केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यांत, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला आहे. हा निर्बंध कोणत्याही एका धर्मास उद्देशून नाहीं. मांत्रिक, बाबा, पाद्री या सर्वांस तो सारखाच लागू आहे. त्याचें तत्त्व चरकास अपरिचित वाटलें नसतें: दैवाचा आश्रय करावा, पण युक्तीची वाट अडवूं नये.

(८)

एक लहानशी आठवण येथें नमूद करतों, कारण ती विषयाचें मर्म सांगते. सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वीं माझ्या आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका मिशन रुग्णालयांत झाली. आजी जन्मभर सोमवार धरणारी. हातांत वैजनाथाचें बेलपान घट्ट धरून ती बसली होती. डॉक्टरीणबाईंनीं तिला अदबीनें विचारलें, "आजी, आम्हीं आधीं प्रार्थना करतों, तुम्हांला चालेल ना?" आजी म्हणाली, "बाई, नांव कुणाचंबी घ्या, पर हात नीट चालवा." बाई हंसल्या, त्यांनीं डोळे मिटून चार शब्द उच्चारले आणि मग आपलें काम केलें. बेलपान कोणी काढून घेतलें नाहीं. पट्टी सुटल्यावर आजीनें प्रथम बाईंचा हात धरला आणि घरीं येतांच परळीस जाऊन अभिषेक केला. आपल्या कृतज्ञतेचे दोन भाग करावे लागतील असें तिला वाटलें नाहीं.

त्या प्रसंगांत आरोग्यप्रार्थनेच्या तिन्ही कसोट्या उतरल्या होत्या: परवानगी विचारली होती, औषध थांबविलें नव्हतें, आणि फलाची हमी दिली नव्हती. या तीन गोष्टी जेथें असतील तेथें ती प्रार्थना कोणत्या देवाची हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. आणि यांपैकीं एकही जेथें नसेल तेथें, ती वैजनाथाच्या नांवानें होत असली तरी, तिला विरोध करणें हेंच वैद्यनाथाच्या भक्ताचें कर्तव्य ठरतें. मिशनांच्या इतिहासाची साधनें, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदवह्या, दौऱ्यांचीं वृत्तें, जुन्या रोग्यांच्या घरांतील आठवणी, झपाट्यानें नष्ट होत आहेत. मराठवाड्यांतील व सीमाभागांतील अभ्यासकांनीं तीं मिळतील तेथून जमवावीं, आणि तीं वाचतांना वरील तीन प्रश्न प्रत्येक नोंदीस विचारावे, एवढीच विनंति करून हा लेख संपवितों.